पाचर मीच काढली होती

१६ जुलै २०२४, मंगळवार. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. दुपारी सव्वातीनच्या सुमारास माझ्याच शेडमधल्या टेबल सॉने (टेबलातून वर आलेल्या फिरत्या ब्लेडवर लाकूड चिरायचं मशीन) प्लायचा एक तुकडा माझ्या पोटात मारला आणि त्याच झटक्यात माझा डावा हात ब्लेडवर नेला. दोन बोटं. मग दवाखाना, पोलीस, विमा, फिजिओथेरपी असं करत करत १४ ऑक्टोबरला मी परत त्याच मशीनसमोर उभी राहिले. मधल्या रात्री झोप लागायची नाही तेव्हा मोबाइलवर शोधत बसायचे, की असं झाल्यावर लोक पुढे काय करतात. मराठीत फारसं काही सापडलं नाही, म्हणून हे लिहून ठेवते. जखमांची वर्णनं ज्यांना सोसत नाहीत त्यांनी निर्धास्त वाचावं, तो भाग मी उरकून टाकला आहे.

आधी थोडं मागचं. बारा वर्षं बँकेत काढून २०२१ मध्ये मी नोकरी सोडली आणि पुण्यात धायरीला पत्र्याची एक शेड भाड्याने घेतली. देवघरं, पाट, चौरंग, मुलांची अभ्यासाची टेबलं, गणपतीच्या आधी मखरं. आम्ही चौघं: मी, भोरकडचे एक जुने सुतार ज्यांना सगळे मामा म्हणतात, एक पॉलिशवाला आणि विशीतला एक मदतनीस. टेबल सॉ २०२२ मध्ये घेतलं, दहा इंची ब्लेडचं, ४८ हजारांना. तोवर मामा साइटवरच्या पद्धतीनं काम करायचे. प्लायच्या टेबलाला खालून हातातलं कटर उलटं बांधायचं, बटण चालू ठेवून टेप गुंडाळायची आणि वर डोकावणाऱ्या ब्लेडवर माल सरकवायचा. महाराष्ट्रातलं निम्मं फर्निचर अशाच टेबलांवर कापलं जात असावं. त्यापुढे आमचं नवं मशीन मला सुरक्षिततेचा कळस वाटलं होतं. हा पहिला गैरसमज.

त्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरला होते आणि मखरांच्या अकरा ऑर्डरी घेऊन मी बसले होते. जेवण झाल्यावर मामा पॉलिशवाल्याशी काही बोलत होते. मी म्हटलं, एवढा एक तुकडा काढून घेते. बारा एमएमचा प्लाय. गाईडला टेकणारी बाजू जेमतेम २६ सेंटीमीटर आणि गाईडपासून ब्लेडपर्यंतचं अंतर ३०. (गाईड म्हणजे टेबलावरची ती सरकती आडवी पट्टी, जिला टेकवून माल पुढे ढकलतात, मशीनच्या पुस्तकात तिला फेन्स म्हटलंय.) म्हणजे तुकडा लांबीपेक्षा रुंद. अशा तुकड्याला गाईडचा आधार तोकडा पडतो, तो सहज तिरपा होतो, हे आज मला झोपेतही सांगता येईल. तेव्हा मी बरोबर ब्लेडच्या रेषेत उभी होते आणि तुकडा पुरता बाहेर पडावा म्हणून डावा हात ब्लेडच्या पलीकडे नेऊन त्याला ओढत होते.

आवाज आधी आला. टाळी वाजावी तसा, पण पत्र्यावर. पोटात गुद्दा बसला, मी मागच्या रॅकवर आदळले आणि हाताकडे पाहिलं तर दुखत काहीच नव्हतं. दुखणं बऱ्याच वेळानं आलं.

मामांनी मशीन बंद केलं, माझा हात छातीच्या वर धरायला लावला, धुतलेल्या पंच्याने बोटं घट्ट दाबली, आणि मला अजून नवल वाटतं ते हे, की साबण लावून डाव्या हातातली अंगठी लगेच काढून घेतली. "सुजलं की निघायची नाही, ताई, कापावी लागेल." हे कुणाच्याही घरी, कुठल्याही हाताच्या दुखापतीत लक्षात ठेवण्यासारखं आहे. माझं बोट तुटून वेगळं झालं नव्हतं. झालं असतं तर तो भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची असते. नुसत्या बर्फावर बोट ठेवायचं नाही, गोठून निकामी होतं. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. आमच्या शेडमधल्या चौघांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं.

एक चूक मात्र सगळ्यांनी मिळून केली. पोरगा धावत जाऊन गोड चहा घेऊन आला, "चक्कर येईल" म्हणून मी तो अर्धा कप प्यायले, आणि सिंहगड रस्त्यावरच्या दवाखान्यात पोचल्यावर भूलतज्ज्ञांनी पहिला प्रश्न तोच विचारला. दुधाचा चहा पोटात असेल तर सहा तास थांबावं लागतं. साडेतीनला घेतलेल्या चहापायी मी रात्री पावणेदहाला ऑपरेशन थिएटरमध्ये गेले. तोपर्यंत धनुर्वाताचं इंजेक्शन, एक्स-रे आणि कागदपत्रं.

कागदपत्रांत पहिलं एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस. मशीनची जखम दिसली की दवाखाना ती नोंदवतो आणि पोलिसांना कळवतो. मामा घाबरले, "पोलीस कशाला? आपसातलं आहे." घाबरायचं कारण नाही, आणि नोंदवू नका म्हणून डॉक्टरांच्या मागेही लागू नये. पुढे अपघात विम्याला हाच कागद सगळ्यात आधी मागतात. एकादशीला सकाळी साबुदाण्याची खिचडी समोर असताना हवालदार जबाब घ्यायला आले.

"मशीन कुणाचं?"

"माझं."

"चालवत कोण होतं?"

"मीच."

"मग तक्रार कुणाविरुद्ध?"

मी म्हटलं, तशी माझ्याचविरुद्ध आहे. ते हसले नाहीत. 'कोणावरही संशय नाही, कोणाविरुद्ध तक्रार नाही' असं लिहिलं, उजव्या हाताची सही घेतली आणि गेले. एमएलसीची प्रत दवाखान्यातून निघतानाच मागून घ्या. मी विसरले आणि नंतर रेकॉर्ड विभागात तीन खेपा घातल्या.

तर्जनीच्या शेवटच्या पेराचं हाड फुटलं होतं आणि नखाखालचा भाग फाटला होता, त्यात एक बारीक तार घातली. मधल्या बोटाला सात टाके. बिल ६२,३०० रुपये. मेडिक्लेम कॅशलेस होता. २०२४ च्या नियमाप्रमाणे विमा कंपनीने कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. पहिली वेळेत आली, दुसरीला पावणेचार तास लागले. हातमोजे, पट्ट्या, असल्या 'न देय' गोष्टींचे ७,८४० रुपये खिशातून गेले.

घरी आल्यावरचे पहिले दहा दिवस मी फक्त छताकडे बघितलं. भीती मशीनची वाटत नव्हती, लाजच जास्त वाटत होती. भेटायला येणारा प्रत्येक जण "बायकांनी कशाला असली कामं" हे डोळ्यांनी म्हणून जायचा, काही तोंडाने. पोटावरचा वळ निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा होत गेला. २५ जुलैला ड्रेसिंगची तारीख होती. त्याच दिवशी खडकवासला धरणातून पाणी सोडलं, नदीकाठची एकतानगरी पाण्याखाली गेली आणि सिंहगड रस्ता बंद झाला. ड्रेसिंग दोन दिवस पुढे गेलं. मामांचा फोन आला, "शेडात पाणी नाही, काळजी करू नका. मशीनवर चादर टाकलीय. आम्ही कुणी हात लावला नाही." मखरांपैकी सात ऑर्डरी मी फोन करून परत केल्या, आगाऊ रकमेसकट. चार मामांनी हातकरवतीने आणि जिगसॉने पुऱ्या केल्या.

३० जुलैला टाके निघाले, १४ ऑगस्टला तार. त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा शेडवर गेले, हात गळ्यात अडकवून.

चादर काढली. सगळं जसंच्या तसं होतं, तो तुकडासुद्धा रॅकखाली पडलेला. मी एका हाताने लिहिणार आणि मामा मोजणार, असं ठरवून आम्ही मशीनचा पंचनामा केला. गुण्या आणि स्टीलची पट्टी आमच्याकडे होतीच. बारीक फट मोजायला शेजारच्या गॅरेजमधून फिलर गेज आणलं, ज्याने ते दुचाकीचे टॅपेट लावतात. मशीनची प्लग काढलेली. ही पहिली पायरी, बटण बंद असणं पुरत नाही.

टेबलावर ब्लेडला समांतर एक खाच असते. सगळं मोजमाप त्या खाचेपासून करायचं. ब्लेडच्या एका दातावर पेनने खूण केली, तो दात पुढे आणून अंतर मोजलं, मग तोच दात फिरवून मागे नेऊन मोजलं. फरक एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. ब्लेड निर्दोष. मग गाईड. पुढे आणि मागे खाचेपासूनचं अंतर बघितलं तर मागच्या टोकाला गाईड सव्वा मिलिमीटर आत, ब्लेडकडे झुकलेलं. मागचा लॉक सैल होता. म्हणजे माल जसजसा पुढे जाई तसतशी त्याची जागा कमी होत होती आणि गाईड त्याला ब्लेडच्या मागच्या दातांवर लोटत होतं.

इथे खरी मेख आहे, म्हणून जरा थांबते. ब्लेड आपल्या दिशेनं फिरतं. पुढचे दात वरून खाली येतात, ते लाकडाला टेबलावर दाबतात. तिथे लाकूड शहाण्यासारखं वागतं. मागचे दात टेबलाखालून वर येत असतात. लाकूड त्यांना शिवलं की आधी उचललं जातं, आणि मग ब्लेडच्या माथ्यावरून थेट आपल्याकडे येतं. आमचं मशीन मिनिटाला ४,८०० फेरे करतं. दहा इंची ब्लेडच्या दाताचा वेग त्या हिशेबाने सेकंदाला ६४ मीटर, ताशी २३० किलोमीटर. माणसाला दचकून हात मागे घ्यायला पाव सेकंद लागतो असं धरलं, तर तेवढ्यात दात सोळा मीटर गेलेला असतो. म्हणजे 'मी सावध असते तर' या वाक्याला अर्थ नाही. आणि हात मालाच्या मागच्या बाजूला धरलेला असेल तर माल एकटा येत नाही, हातालाही ब्लेडवरून घेऊन येतो. माझं नेमकं हेच झालं. याला किकबॅक म्हणतात. मामा म्हणतात, "मशीननं माल मारला."

मागचे दात लाकडाला शिवतात ते मुख्यतः दोन कारणांनी. एक, माल तिरपा होतो किंवा गाईडच त्याला तिकडे लोटतं, जसं प्लायचं झालं. दुसरं, भरीव लाकडात कापलेली चीर मागे मिटते आणि ब्लेडला चिमटते. आंबा, बाभूळ, नीट न वाळलेलं कुठलंही लाकूड हा प्रकार करतं. या दोन्हींवर मशीनसोबतच एक उपाय येतो. ब्लेडच्या लगेच मागे, कापलेल्या चिरेत उभी राहणारी एक पोलादी पाती. रायव्हिंग नाइफ. ब्लेड वर-खाली केलं, कलतं केलं तरी ती त्याच्यासोबत हलते, त्याच्या दातांपासून काही मिलिमीटरवरच राहते. ती असली की चीर मिटू शकत नाही आणि वळू पाहणारा माल मागच्या दातांपर्यंत पोचायच्या आधी तिला अडतो.

आमच्या मशीनवर ती नव्हती. खोक्यात होती, माळ्यावर. मामांनी शिडी लावून खोकं खाली आणलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाती बाहेर काढली आणि विचारलं, "ही कुणी काढली?"

मीच काढली होती. मार्चमध्ये बोहरी आळीतून ९५० रुपयांचं पातळ ब्लेड आणलं, सागवान महाग, चिरेत कमी जावं म्हणून. त्याची चीर दोन मिलिमीटरची. पाती २.३ जाड. साहजिकच प्रत्येक फळी पातीशी येऊन अडकायला लागली. मी निष्कर्ष काढला की पाती अडचण करते, आणि पाना घेऊन ती उतरवली. पाती ही चिरेपेक्षा पातळ आणि ब्लेडच्या चकतीपेक्षा (दात सोडून उरलेल्या पत्र्यापेक्षा) जाड असावी लागते. मूळ ब्लेडची चीर २.६, चकती १.८, त्यांच्या मधली २.३ ची पाती. तीन आकडे. ब्लेडवर छापलेले, पातीवर कोरलेले. बँकेत बारा वर्षं आकडेच पाहिले होते मी.

मामांनी पाती हातात फिरवली, टेबलावर उभी धरून पाहिली आणि म्हणाले, "ही तर पाचर आहे."

त्यांच्या वडिलांबरोबर ते लहानपणी ओंडके चिरायला जायचे. एक जण ओंडक्यावर, एक खाली, मध्ये मोठी करवत. चीर हात-दीड हात आत गेली की तीत लाकडाची पाचर ठोकायची, नाहीतर ओंडका करवतीला चावतो. "बाभळीला तर दोन ठोकायचो." मग लहान मुलासारखे हसले. "ताई, ते पाचर उपटणाऱ्या माकडाची गोष्ट शाळेत होती बघा." होती. त्यात माकडाचं शेपूट अडकतं. मीही हसले, अपघातानंतर पहिल्यांदा. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ते मशीन कळलं. पुस्तकातल्या आकृत्या मी आधी पन्नासदा बघितल्या होत्या.

त्याच संध्याकाळी परतताना दुसराच विचार डोक्यात आला. मामांच्या हाताचं असं झालं असतं तर? माझ्याकडे मेडिक्लेम होता, अपघात विमा होता. त्यांच्याकडे बँकेतून वर्षाला २० रुपये कापून जाणारा सुरक्षा बिमा योजनेचा विमा. त्यात अपघाती मृत्यूला दोन लाख आहेत, एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर एक लाख. बोटांना काही नाही. कर्मचारी भरपाईच्या तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कायद्याला एक परिशिष्ट होतं, त्यात प्रत्येक अवयवापुढे कमावण्याची क्षमता किती टक्के गेली असं धरायचं ते लिहिलं होतं. अंगठा ३०. अख्खी तर्जनी १४. तर्जनीचं एक पेर ९. हाड न जाता नुसतं टोक गेलं तर ५. ते कोष्टक वाचताना मी स्वतःच्या पट्टी बांधलेल्या बोटाकडे बघत होते, ५ आणि ९ च्या मध्ये कुठेतरी. भरपाई मालकाने द्यायची असते आणि मालक मी. दुसऱ्या आठवड्यात तिघांसाठी कर्मचारी भरपाईचा विमा घेतला. एजंट त्याला अजून जुन्या नावानं 'डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) पॉलिसी' म्हणतात, तेच मागा. वर्षाला सात हजारांच्या आत बसला. हे पहिल्या वर्षीच करायला हवं होतं. मशीनला ४८ हजार होते माझ्याकडे.

ऑगस्टचा उरलेला काळ आणि सप्टेंबर फिजिओथेरपीत गेला. आठवड्याला तीन वेळा, एका वेळेचे ५०० रुपये. तार निघाल्यावर बोट लाकडी झालेलं असतं. पहिल्या दिवशी तर्जनीचं टोक तळहातापासून चार बोटं लांब राहत होतं. तांदळाच्या डब्यात हात खुपसून फिरवायचा, स्पंज दाबायचा, कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे-काढायचे. टोकाला कशाचाही स्पर्श झाला तर वीज चमकायची, तेही कापूस, मग टॉवेल, मग पोतं असं घासून घासून कमी करतात. कंटाळवाणं आहे, आणि टाळलं तर बोट तसंच राहतं. गणपतीची दुर्वा निवडायला मी मुद्दाम डावा हात वापरला. आरतीला टाळ धरता आला नाही.

विम्याचंही याच काळात. माझी वैयक्तिक अपघाताची पॉलिसी २०१७ ची. त्यात काम करता न आल्यास आठवड्याला पाच हजार रुपये मिळण्याची तरतूद होती. कळवलं अपघातानंतर चौथ्या दिवशी, कागद दिले सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात: दावा अर्ज, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेच्या फिल्म, एमएलसीची प्रत, डॉक्टरांचं 'कामास अयोग्य' आणि मग 'योग्य' असं प्रमाणपत्र, आयकर विवरणपत्रं. वर 'नियोक्त्याचे रजा प्रमाणपत्र' मागितलं. नियोक्ता मीच असल्याचं दोन ईमेलमध्ये समजावलं, उपयोग झाला नाही, शेवटी माझ्याच लेटरहेडवर मी मला रजा मंजूर केल्याचं पत्र दिलं. ते चाललं. खरी अडचण नंतर आली. पॉलिसीत माझा व्यवसाय 'बँक कर्मचारी, कार्यालयीन काम' होता. अपघात विम्याचा हप्ता व्यवसायाच्या जोखमीवर ठरतो आणि लाकडाच्या मशीनवर काम करणारा माणूस वरच्या गटात येतो. नोकरी सोडल्याचं मी कळवलंच नव्हतं. नऊ आठवड्यांचे ४५ हजार व्हायचे, डिसेंबरात २७ हजार आले. विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यात आहे, तिथे दाद मागायला पैसे लागत नाहीत, आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर थांबावं लागतं, एवढं सगळं वाचून ठेवलं. गेले नाही. चूक माझी होती. तुम्ही काम बदललं असेल तर आजच एक ईमेल टाका.

मशीनवर ऑक्टोबरपर्यंत जो खर्च केला तो असा: मूळ मापाची दोन ब्लेडं, एक उभ्या चिराईला २४ दातांचं आणि एक सर्वसाधारण ४० दातांचं, मिळून ४,६०० रुपये. गाईडचा लॉक घट्ट करून घेतला, फुकटात. मागच्या टोकाला गाईड आता केसभर बाहेर ठेवतो, आत कधीच नाही. नो-व्होल्ट स्विच १,८०० रुपये. हा इकडे फार गरजेचा आहे. गुरुवारी लाईट जाते, आपण बटण चालूच विसरून ब्लेडजवळचा भुसा झाडत असतो आणि लाईट येते. या स्विचमुळे मशीन आपोआप सुरू होत नाही, पुन्हा बटण दाबावं लागतं. त्याचं लाल झाकण एवढं मोठं आहे की गुडघ्यानेही बंद करता येतं.

ढकलायला नुसती काठी ठेवायची नाही असं मी ठरवलं. काठी माल पुढे लोटते पण खाली दाबत नाही. मामांनी प्लायचे चार पुशर बनवले, रंध्याच्या मुठीसारखी पकड आणि मागे टाच, म्हणजे माल वरून दाबला जातो आणि मागून ढकललाही जातो. ते ब्लेडला लागून कापले गेले तरी वाईट वाटायचं नाही, नवे करायचे. आखूड आणि रुंद तुकड्यांसाठी खाचेत सरकणारी एक फळी केली, तुकडा तिच्यावर बसतो आणि तीच पुढे जाते. त्या दिवशी ती असती तर गाईडची गरजच नव्हती.

बाकी नियम मी भिंतीवर लिहायला घेतले होते, मामांनी थांबवलं. म्हणाले, भिंत कोण वाचतंय. त्याऐवजी त्यांनी जमिनीवर, ब्लेडच्या रेषेत, लाल पट्टा रंगवला. चालू मशीनसमोर त्या पट्ट्यावर कुणी उभं राहायचं नाही, मालकीणसुद्धा. हातमोजे, ओढणी, बांगड्या मशीनपाशी बंद. मदतनिसाला हातमोजे सुरक्षित वाटायचे. दाताला कापडाचा एक धागा सापडला की तो हात सोडत नाही, हे त्याला मी माझ्या हाताकडे बोट दाखवून सांगितलं, त्यानं वाद घातला नाही.

कुणीतरी मला विचारलं, ते अमेरिकन मशीन का घेत नाही, बोट लागलं की ब्लेड जागीच थांबतं. स्टीव्ह गॅस नावाच्या, पदार्थविज्ञान शिकलेल्या वकिलाची ती कल्पना, सॉसेज लावून प्रात्यक्षिक दाखवतात, पाच मिलिसेकंदांत ब्लेड थांबतं. पैसे असते तर घेतलंही असतं. पण ते ब्लेडला बोट लागल्यावर जागं होतं. पोटात येणारा प्लाय त्यालाही दिसत नाही.

१२ ऑक्टोबरला दसरा. मशीन पुसून, झेंडू वाहून, पातीलासुद्धा हळदकुंकू लावलं. त्या दिवशी अवजारं चालवायची नाहीत. रविवार सुट्टी. सोमवारी, १४ तारखेला, सकाळी अकरा वाजता मी लाल पट्ट्याच्या डावीकडे उभी राहिले. ब्लेड फळीच्या पृष्ठभागावर जेमतेम दात डोकावेल एवढंच वर. घसा कोरडा. बटण दाबलं आणि त्या आवाजाने तर्जनी आपोआप आत वळली, जी फिजिओथेरपीत वळायला महिना लागला होता.

पहिल्या दोन पाइनच्या फळ्या निमूटपणे गेल्या. तिसरी आंब्याची, पाटासाठीची. निम्मी चिरून झाली आणि मशीनचा आवाज बदलला, जड झाला. मामा मागून म्हणाले, "ताई." मी गुडघ्याने झाकण दाबलं आणि फळी होती तिथेच धरून ठेवली. ब्लेड थांबायला चांगले दहा-बारा सेकंद लागले. फळी जागची हलली नव्हती. पलीकडे वाकून बघितलं तर चीर मिटली होती आणि तिने पातीला दोन्ही बाजूंनी घट्ट धरलं होतं. ब्लेडला सोडून.

मामांनी प्लग काढली, चिरेत लाकडाची एक छोटी पाचर ठोकली, फळी सैल केली. माझे पाय थरथरत होते. उरलेली चिराई करू का, असं मी विचारलं.

"करा की. आधी चहा पिऊ," ते म्हणाले. "आज चालतंय."